निळा पडलेला साक्षीदार

सांगून ठेवतो, ह्या गोष्टीतलं एक अक्षर कोणाला पटणार नाही. पटलं, तर सांगताना माझंच काहीतरी चुकलं असं मी समजेन. आजवर मी गावात पुष्कळ थापा मारल्या. व्हाळातल्या, म्हणजे ओढ्यातल्या, माशाने माझं घड्याळ गिळलं आणि पुढच्या वर्षी तोच मासा अगदी वेळेवर गळाला लागला, ही माझीच. ती लोकांनी आनंदाने मानली. ही मात्र बरीचशी खरी आहे, म्हणून कोणी मानत नाही.

हे असंच्या असं मी मोठ्याने बोललो, तेव्हा समोरच्या खाटेवरून गवस ड्रायव्हर म्हणाला, “मनोहरानु, बोला. नायतरी पडान पडान पाठ मोडली.”

दवाखाना तालुक्याचा, धर्मादाय. शिबीर मोतीबिंदूचं. हल्ली डॉक्टर पुण्यात बसून पडद्यावर बघतो आणि इथे यंत्राचा हात तुमच्या डोळ्यात भिंग बसवतो. पान जमवून तोंडात टाकेपर्यंत काम आटपतं. पण नंतर संध्याकाळपर्यंत उताणं पडून राहायचं, हे काही अजून कुठल्या यंत्राला चुकवता आलेलं नाही. वाकायचं नाही, खोकायचं नाही, जोरात हसायचं नाही. वर पंखे, खाली आम्ही म्हातारे, एकेका डोळ्यावर पट्टी, आणि बाजारात नारळ मांडावेत तसे ओळीने मांडलेले.

खाटा आडनावाप्रमाणे दिल्या होत्या. म्हणून माझ्या डाव्या हाताला विश्राम आरोंदेकर. माझा सख्खा थोरला भाऊ. आमचं बोलणं कितीतरी वर्षं बंद आहे. सकाळी लोबो सिस्टरने त्याला आणून झोपवलं, माझा आवाज त्याने ओळखला, हात पोटावर घेतले आणि छताकडे तोंड करून पडून राहिला. त्याच्या पट्टीची बाजू नेमकी माझ्याकडे होती. त्यालाही बरंच झालं असेल.

संध्याकाळी त्याचा मुलगा गाडी घेऊन येणार होता आणि इथूनच त्याला बडोद्याला नेणार होता, कायमचा. बाग खंडाने दिली, घराला कुलूप घातलं. हे मला दादाने सांगितलं नाही, सिस्टर फोनवर बोलत होती त्यावरून कळलं. म्हणजे जे काय व्हायचं ते ह्या पंख्याखाली, गाडी यायच्या आत. मला त्याच्याकडून एक शब्द हवा होता. कुठलाही चालला असता, शिवीसुद्धा.

सरळ ‘दादा’ म्हणून हाक मारली असती तर तो मेला असता, पण ओ दिली नसती. पण चुकीचं ऐकून घेणं त्याला जमत नाही. कीर्तनात बुवांनी तिथी चुकवली तर मागून दुरुस्त करणारा माणूस. म्हणून मी गोष्ट काढली, आणि काढली ती गवसच्या नावाने.

“तर गवसानु,” मी म्हटलं, “आमच्या गावात, निवतळ्यात, सरकारने बेडूक नेमला होता.”

“नेमलो? मगे पेन्शन?”

“ऐका तरी.”

बेडकांचं प्रकरण तुमच्यातल्या काहींना आठवत असेल. आमच्याकडे ते आणलं डॉक्टर मृण्मयी खोत ह्या बाईंनी. वयाने लहान, अंगावर रेनकोट, हातात काचेची पेटी. सातेरीच्या देवळात सगळ्यांना बसवलं आणि पेटी मध्ये ठेवली. आत पानासारखा हिरवागार झाडबेडूक, पायांच्या बोटांना पडदे, डोळे मिटून ध्यानस्थ. बेडूक मांजराएवढा होता.

“मांजराएवढो?” गवस म्हणाला. “मगे म्हशीएवढो कित्याक नाय?”

माझ्या डाव्या हाताची खाट करकरली. बेडूक मुठीएवढा होता, हे दादाला ठाऊक होतं. ह्या वेळी त्याने सोडून दिलं.

बाई म्हणाल्या, “बेडकाच्या कातडीत हिरवा रंग नसतोच.”

त्यावर बाबी गुरव म्हणाला, “मगे आमका दिसता ता काय?”

बाईंनी देवळातला आरसा मागितला. समईच्या उजेडात तो तिरका धरला, त्याच्यावर सरबताच्या बाटलीची पिवळी काच धरली आणि समजावून सांगितलं. कातडीत तीन थर असतात. सगळ्यात खाली काळा. त्याच्यावर बारीक बारीक आरशांचा थर, तो फक्त निळा उजेड परत फेकतो. आणि वर पिवळा थर, ह्या काचेसारखा. निळा उजेड पिवळ्यातून गाळला जाऊन बाहेर आला की आपल्याला हिरवा दिसतो. पिवळी काच काढून घेतली, की बेडूक निळा. रानात असा निळा बेडूक क्वचित जन्माला येतो. बाईंच्या लोकांनी असे निळे बेडूक जमवून त्यांचं रक्त तपासलं, तेव्हा कळलं की त्यांच्यातलं एकच जनुक बिघडलेलं असतं. अन्नातला पिवळा उचलून कातडीपर्यंत पोचवायचं काम त्या जनुकाचं. हमाल म्हणा. हमाल बसला की माल पोचत नाही.

इथवर निसर्ग. पुढची करामत माणसाची. पोटात विष गेलं की कुठल्याही प्राण्याचं काळीज, म्हणजे आपण ज्याला लिव्हर म्हणतो ते, आतल्या आत घंटा वाजवतं. बाईंच्या लोकांनी ती घंटा त्या हमालाच्या कानाशी नेऊन बांधली. पाण्यात फवारणीचं विष आलं, घंटा वाजली, हमाल बसला, पिवळा संपला, बेडूक निळा. पाणी सुधारलं की पुन्हा हिरवा. आणि रंग लवकर पालटावा म्हणून पिवळा साठवून ठेवायची सोयच त्या बेडकातून काढून टाकली होती. रोज कमवायचं, रोज खायचं. पिल्लं होऊ नयेत अशीही व्यवस्था होती. म्हणजे घरदार नाही, साठवण नाही, असा साक्षीदार. विकत कसा घेणार?

“त्याचं नाव जलसाक्षी,” बाई म्हणाल्या. “पाण्याची तपासणी तालुक्याला जाऊन येईपर्यंत तुम्ही ते पाणी पिऊन बसलेले असता. हा आठवड्यात सांगेल.”

त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्या वेळी सीमेपलीकडून एक नवी पावडर यायला लागली होती, पोफळीच्या कोळेरोगावर. बंदी होती, तरी यायची. सुपारी गळायची थांबायची आणि व्हाळातले मासे उताणे तरंगायचे. म्हणून पाणी घेणाऱ्या घरोघरी एकेक जलसाक्षी आला. काचेच्या पेटीत, अंगणातल्या नळाखाली, पेटीवर बोटाएवढा कॅमेरा. खायला रातकिडे, ते प्रत्येकाने आपल्या घरी डब्यात वाढवायचे.

वर्षाच्या आत गाव बदललं. स्थळ बघायला आलेली माणसं चहाआधी अंगणात जाऊन बेडूक बघायला लागली. हिरवा असला की पुढची बोलणी. पूर्वी भांडण झालं की देवीला कौल लावायचे. पाकळी उजवी पडली की एकाचं, डावी पडली की दुसऱ्याचं. आता म्हणायचे, बेडकाला विचारा. बाबी गुरवाचं म्हणणं, की एकदा त्याने कौल लावला आणि देवीनेच सांगितलं, माका विचारू नको, थंय जा.

“ह्या खरा?” लोबो सिस्टरने विचारलं. ती थेंब घालायला आली होती.

“गुरवाने सांगितलं म्हणजे खरंच असणार.”

“काका, हसवू नका कोणाला. डोळ्यावर ताण येतो.”

तिने दादाच्या डोळ्यात थेंब घातले. तो तिला हळूच “बरां” म्हणाला. माझ्या कानांवर त्याचा आवाज किती वर्षांनी पडला. पण तो शब्द तिचा होता, माझा नव्हे.

मी पुढे निघालो.

आमची बाग डोंगराच्या उतारावर. वडिलांच्या पाठीमागे वरची माझ्याकडे आली, खालची दादाकडे. झर वरच्या बागेत. तिचं पाणी आधी पोफळीच्या पन्हळीतून यायचं, मग नळी टाकली, पण वाट तीच. माझ्या बागेतून खाली दादाच्या अंगणात. त्याच्या चुलीवर शिजायचं ते माझ्या झरीच्या पाण्यात. गोड पाणी. पाहुणे जाताना बाटल्या भरून न्यायचे.

“झर माझ्या वाट्याला कशी आली सांगू?” मी जरा आवाज चढवला. “वडिलांनी मरताना मलाच बोलावून दिली. लाडका ना मी.”

डावीकडे खोकला सुटला. चांगली ढास लागून. सिस्टर धावत आली. “आजोबा, खोकू नका म्हटलं ना? काय झालं?” दादाने हात वर केला, काही नाही म्हणून हलवला आणि पुन्हा पोटावर ठेवला. चिठ्ठ्या टाकल्या होत्या, त्याच्याच टोपीत, आणि ती चिठ्ठी मी उचलली तेव्हा त्याने माझ्या पाठीवर थाप मारली होती. तो हे बोलणार होता. दातांशी आणून गिळलं.

इतकी वर्षं गिळायची सवय झालेला माणूस. थकवा येतो असल्या माणसासमोर. मलाही आला. थोडा वेळ पंख्याकडे बघत पडलो. एक पातं जरा वाकडं होतं आणि प्रत्येक फेरीला टक् करत होतं.

“झोपलात काय?” गवस म्हणाला. “बेडकाचा काय झाला?”

“निळा झाला.”

“कोणाचो?”

“दादाचा.”

त्या साली श्रावणात एका सकाळी दादाच्या अंगणातला जलसाक्षी हिरव्याचा मोरपंखी झाला, आणि चार-पाच दिवसांत आकाशासारखा निळा. दिसायला इतका सुंदर, की शेजारच्या बायका त्याला बघायला आल्या आणि कपाळाला हात लावून परत गेल्या. कॅमेऱ्याने वर कळवलं. खात्याचे साहेब आले. त्यांनी नळीवर बोट ठेवून डोंगराकडे बघितलं, आणि नळी जिथे जात होती तिथे माझी बाग होती. कोळेरोगाची फवारणी मी नुकतीच केली होती. चुना आणि मोरचूद, आज्यापणज्यापासून चालत आलेली. दुसरं काही नाही.

मी म्हटलं, “साहेब, माझा बेडूक हिरवा आहे. येऊन बघा.”

ते म्हणाले, “तुमचा बसतो झरीच्या तोंडाशी. बागेच्या वर. तो हिरवाच असणार. ह्यांचा बसतो बागेच्या खाली. मध्ये कोण आहे?”

मध्ये मी होतो.

पाणी तालुक्याला पाठवलं. तिथल्या यंत्राला त्यात काही सापडलं नाही. तुम्हाला वाटेल मी सुटलो. साहेब म्हणाले, याचा अर्थ आमचं यंत्र कमी पडतं; बेडकाला जे कळतं ते यंत्राला कुठलं कळायला?

देवळात सभा भरली. साहेबांनी दादाला उभं केलं आणि सरळ विचारलं, “तुमचा भावावर संशय आहे का? नसेल तर तसं सांगा, मी लिहून घेतो.” सगळं गाव बसलेलं. मी खांबाला टेकून उभा होतो आणि दादाकडे बघत होतो. तो नाही म्हणेल याची मला इतकी खात्री होती, की मी पुढचा विचार करत होतो, सभेनंतर दोघांनी कोणाकडे चहा घ्यायचा याचा. दादाने खाली बघितलं. बोटाने फरशीवरची मेणाची खपली काढत राहिला. साहेबांनी पुन्हा विचारलं. तो काही बोलला नाही.

गवस आता थट्टेच्या सुरात नव्हता. “तो काय एक बोललो नाय?”

“नाय.”

“मगे?”

मग माझ्या बागेच्या बांधावर तांबडी पाटी लागली. ह्या झरीचं पाणी पिण्यास अयोग्य. दादाच्या अंगणातल्या नळाला तांबडा रंग दिला आणि त्याला पंचायतीच्या विहिरीवरून पाणी भरायला सांगितलं. माझी सुपारी कोणी उचलेना. तेही सोसलं असतं. पण माझ्या घरी आलेला माणूस पाण्याचा तांब्या समोर आला की म्हणायचा, आत्ताच घेऊन आलो. उन्हातून डोंगर चढून आलेला, ओठ सुकलेले, आणि म्हणायचा, तहान नाही. चैत्रात हळदीकुंकवाला आमच्या हिने पन्हं केलं. बायका आल्या, कुंकू लावून घेतलं, ओटी घेतली. पन्ह्याचे पेले भरलेले तसेच राहिले. संध्याकाळी हिने ते एकेक करून तुळशीत ओतले. मला म्हणाली, तुळस तरी पिता.

आणि गंमत बघा. कार्तिकात दादाचा बेडूक पुन्हा हिरवा झाला होता. आपोआप. गावाने माना डोलावल्या. पाटी लागली, फवारणी थांबली, बेडूक हिरवा. आता आणखी काय पुरावा पाहिजे? मीसुद्धा एकदा बागेत जाऊन चुन्याची पिंपं वाकून हुंगून बघितली. इतकं सगळेजण म्हणतात तर माझ्याच हातून काही झालं असेल, अशी शंका मला आली. निळ्या बेडकापेक्षा ती वाईट.

“पण मगे निळो झालो कित्याक तो?” गवस म्हणाला. “पावडर नाय, काय नाय.”

हा प्रश्न डॉक्टर खोत बाईंना पडला तो पुढच्या श्रावणात. कारण तोवर बेडूक जिल्हाभर पोचले होते, आणि त्या साली ते ठिकठिकाणी निळे पडले. बागा नाहीत तिथे, फवारणी नाही तिथे, एका ठिकाणी तर मठात. बाई महिनाभर गाड्या बदलत घरोघर हिंडल्या. आमच्याकडेही आल्या. पायरीवर बसल्या, पाणी मागितलं आणि तांब्या तोंडाला लावून प्यायल्या. हिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंना कळेना काय झालं ते.

त्यांनी विचारलं, “रातकिड्यांना काय घालता?”

“घरातलं उरलंसुरलं. माठाची देठं, शेवग्याचा पाला, कोबीची पानं.”

“आणि श्रावणात?”

हिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, “आमी घालतंव पालो. पण खालच्या वयनी घालीत नसत.”

वहिनी म्हणजे दादाची बायको. श्रावणात पालेभाजी घरात आणायची नाही, ही रीत पुष्कळांकडे असते. आदल्या साली वहिनींनी नेम धरला होता तो श्रावणापासून पार कार्तिकीपर्यंतचा. आणि ती रीत त्यांनी डब्यातल्या रातकिड्यांनाही लावली होती. नागपंचमीला ही तिथे गेली होती. रातकिडे कोंडा आणि काकडी खात बसलेले. हिने विचारलं तर वहिनी म्हणाल्या, “ह्याच घरात रवतत ना? मगे घरचेच ते. आमी खाणव नाय, तर तेंका कशी घालू?”

बाईंनी कपाळावर हात मारला नाही. रातकिड्यांचा डबा उघडून आत बघितलं. मग दमलेल्या आवाजात सांगितलं. तो पिवळा रंग बेडकाला स्वतः करता येत नाही. तो असतो हिरव्या पाल्यात. पाला किड्यात जातो, किडा बेडकात. साठवण आम्हीच काढून घेतलेली. किड्याने पाला सोडला, की घंटा वाजो न वाजो, हमालाकडे उचलायला मालच नाही. त्या म्हणाल्या, “आम्ही विषं सगळी तपासून बघितली होती. उपास बघितला नाही.”

“म्हणजे किड्यांनी श्रावण पाळल्यान,” गवस म्हणाला, “आणि बेडूक निळो झालो.”

“होय.”

“मनोहरानु, मांजराएवढो बेडूक मी मानीन. ह्या मानूचंय नाय.”

मी आधीच सांगितलं होतं. खरा भाग तेवढाच कोणी मानत नाही.

खात्याने मग परिपत्रक काढलं. जलसाक्षीच्या खाद्यकिड्यांस श्रावणमासीही हिरवा पाला देणे बंधनकारक राहील. माझ्या बांधावरची पाटी दोन माणसं येऊन काढून घेऊन गेली. खड्डे बुजवले नाहीत. पाटी गेली, पण घरी येणाऱ्यांची तहान काही परत आली नाही. वहिनी त्याच्याआधी वैशाखातच गेल्या होत्या. किड्यांना घरचं मानणारी बाई. तिला हे कळलं नाही ते बरं झालं. तिला नेलं तेव्हा मी व्हाळाच्या ह्या बाजूला उभा राहून हात जोडले. पलीकडे गेलो नाही. दादाने मान वर करून बघितलं नाही.

आणि परिपत्रकानंतर? चूक कोणाची असेल तर तो येऊन म्हणतो, चुकलं. इथे चूक होती उपासाची, बेडकाची, कोणा हमालाची. माणसाची नव्हतीच. मग आधी कोणी यायचं? तो वाट बघत असेल, मी बघत होतो. तशी वर्षं गेली. बेडकांची योजनाही बंद पडली. मृण्मयी बाई कुठे परदेशी गेल्या म्हणतात. राहिलो आम्ही दोघं, वर मी आणि खाली तो, मध्ये नळी.

हॉलमध्ये चहाची किटली आली. लोबो सिस्टर एकेकाला मान उचलू न देता नळीने चहा पाजत होती. दादाकडे वाकून ती म्हणाली, “आजोबा, तुमच्या मुलाचा फोन होता. पुलावर आलेत. अर्ध्या तासात पोचतात.” त्याने मान हलवली.

अर्धा तास. मांजर फुकट गेलं, चिठ्ठ्या फुकट गेल्या. सभेचा भाग मी जसाच्या तसा सांगितला होता, तिथे तर तो हललाही नाही. खऱ्याला तो काय दुरुस्त करणार?

मला नेमकं काय हवं होतं ते सांगतो. माफी नको होती. तो सभेत गप्प बसला, तेव्हा त्याच्या मनात काय होतं? आपल्या धाकट्या भावाने आपल्या पाण्यात विष कालवलं, असं त्याला वाटलं होतं का? एवढंच. बडोद्याला गेल्यावर ते विचारायला माणूस उरणार नव्हता.

“संपली गोष्ट?” गवस म्हणाला.

“थोडी राहिली.”

माझा आवाज मलाच ओळखू येईना. पण जीभ चालत होती. थापा मारून मारून तिला चालायची सवय आहे.

“आमचा दादा,” मी म्हटलं, “नियमाचा माणूस. पाटी लागली त्या दिवसापासून माझ्या झरीचा थेंब त्याने तोंडात घेतला नाही. मी डोळ्यांनी बघितलं आहे. सकाळी उठून कळशी खांद्यावर घेऊन माझ्या बांधावरून पंचायतीच्या विहिरीवर जायचा. म्हातारा माणूस, गुडघे दुखणारे. पण माझं पाणी नको. विषारी ना.”

डाव्या खाटेवर काही हललं नाही. खोकला नाही, करकर नाही.

“भात विहिरीच्या पाण्यात,” मी म्हटलं. “देवाची आंघोळ विहिरीच्या पाण्यात.”

“मनोहर काका,” लोबो सिस्टर हळूच म्हणाली. ती पेला हातात घेऊन दोन खाटांच्या मध्ये उभी होती. कोण कोणाचं कोण, हे तिला आत्ता कळलं असावं. “पुरे आता. झोपा थोडं.”

पुरे म्हणायची वेळ होती हे मलाही कळत होतं. पुढचं मी बोलायला नको होतं. पण गाडी पुलावर आली होती.

“आणि वहिनी गेली,” मी म्हटलं, “तेव्हा तिच्या तोंडात शेवटचं पाणी घातलं ना, तेसुद्धा ह्याने विहिरीवरून आणलं. अंगणात माझा नळ वाहत होता. पण ह्याने...”

“खोटा.”

गवसने मान वळवली, वळवायची नाही हे विसरून. दादा उठून बसला होता. सिस्टरने त्याच्या खांद्याला धरलं, तर त्याने तिचा हात बाजूला केला आणि पट्टी नसलेला डोळा माझ्याकडे वळवला. तो भिजलेला होता, थेंबांनी असेल.

“खोटा बोलता तो,” दादा म्हणाला, मला नव्हे, सगळ्यांना. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “मेल्या, ती कळशी रिकामीच जाय आणि रिकामीच येय. लोकांका दाखवक. तिच्या तोंडात शेवटचा पाणी मी घातलंय. झरीचा घातलंय.”